बाहुलीघरातली राखाडी गादी

एरवी कोटाला बाही लावणं म्हणजे मास्तरांच्या हातचा मळ. पण ही बाही त्यांच्या करंगळीएवढी होती आणि आत्तापर्यंत तीनदा हातातून निसटून मशीनखाली गेली होती. मास्तर तिसऱ्यांदा गुडघ्यांवर आले, चाचपडत बाही शोधली, फुंकर मारून तिची धूळ उडवली आणि खुर्चीत बसता बसता म्हणाले, "चाळीस वर्षांत अर्ध्या गावाला कोट घातले मी. कुणी इतका छळ केला नाही."

"तो तर हलतही नाही, आजोबा. तुमचाच हात हलतोय," शेजारी उभी असलेली सात वर्षांची नात म्हणाली. जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती म्हणून घरात सगळे तिला टिकली म्हणत. आता ती एवढीशी राहिली नव्हती. नाव तेवढं राहिलं होतं, आणि जिभेला तर पहिल्यापासूनच माप नव्हतं.

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो सहा इंचांचा लाकडी बाहुला मशीनवर उताणा पडला होता. तो टिकलीचा बाबा होता. म्हणजे खरे बाबा ऑफिसात होते, हा बाहुलीघरातला. बाहुलीघर एकतीस वर्षांचं. मास्तरांच्या एका सुतार मित्रानं ते मास्तरांच्या मुलीसाठी, म्हणजे टिकलीच्या आत्यासाठी बनवलं होतं. चार खोल्या, मध्ये जिना, खऱ्या फुटाला तिथे एक इंच असा चोख हिशेब. आत्या मोठी झाली, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे गेली, आणि बाहुलीघर टिकलीकडे आलं.

आता टिकलीच निघाली होती. तिच्या बाबांची बदली लांबच्या शहरात झाली होती आणि बारा दिवसांनी सामान हलणार होतं. बाहुलीघरही जाणार होतं, पण एका अटीवर. "त्यात आपण सगळे पाहिजेत," टिकलीनं जाहीर केलं होतं. "तुम्ही, आजी, आई, बाबा, आत्या आणि मी. आणि सगळ्यांनी आपापले कपडे घालायचे. नाहीतर तिथे गेल्यावर मला कसं कळणार कोण कोण आहे?"

ही अट ऐकली तेव्हा मास्तरांनी नुसता चष्मा पुसला. टिकली जाणार हा विषय घरात सगळे बोलत होते, मास्तर सोडून. त्यांना तो बोलवत नव्हता. घरातली सगळी माणसं तिच्यासोबत पाठवायची, तीही ओळखू येतील अशी, एवढी एकच गोष्ट त्यांच्या हातात होती. आणि हातातली गोष्ट त्यांनी आयुष्यात कधी अर्धवट सोडली नव्हती.

पहिल्या दिवशी त्यांनी चिंध्यांचं गाठोडं सोडलं. दुकान बंद केलं तेव्हा उरलेलं सगळं त्यात होतं. त्यांनी एक तपकिरी तुकडा वर काढला. "हा बघ. बाबांच्या कोटाला शोभेल."

"हा कुणाचा आहे?"

"बँकेत एक साहेब होते, त्यांचा."

टिकलीनं तुकडा निरखून पाहिला आणि परत गाठोड्यात ठेवला. "मग तो घातला तर बँकेतले साहेबच होतील ना? ते आपल्या घरात कशाला राहतील?"

मास्तरांनी गाठोडं पुन्हा बांधलं. आजीनं आपल्या जुन्या एप्रनचा तुकडा दिला, टिकलीचा स्वतःचा आखूड झालेला फ्रॉक होता, पण बाकीच्यांचं काय? वापरातले कपडे फाडून तर कुणी देणार नव्हतं. मास्तर दोन दिवस विचारात पडले, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना मायेची आठवण झाली.

माया म्हणजे शिलाईच्या आत दाबून ठेवलेलं जादा कापड. माणूस सुटला तर शिवण उसवायची, आतलं कापड बाहेर काढायचं, कोट पुन्हा अंगाला बसतो. हल्लीचे शिंपी अर्धा बोट माया ठेवतात. मास्तर दोन बोटं ठेवत. हा त्यांचा अभिमानाचा विषय होता. "माझा कोट माणसाबरोबर वाढतो," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाइकं खरोखरच दहा-दहा वर्षांनी पोट घेऊन परत येत. घरातल्या सगळ्यांचे चांगले कपडे मास्तरांनीच शिवलेले. म्हणजे त्या प्रत्येकात दोन बोटं कापड नुसतं पडून होतं. कुणाला न दिसणारं, कुणाच्या उपयोगाचं नसलेलं, आणि मुख्य म्हणजे ज्याचं त्याचं.

मुलगा ऑफिसात गेल्यावर त्यांनी त्याचा तपकिरी कोट उसवला, माया कापली, कोट होता तसा शिवून कपाटात टांगला. पट्ट्या एकमेकींना जोडून बाहुल्याच्या कोटापुरतं कापड झालं. मग सुनेचा निळा झगा. मग आत्याचा हिरवा कोट. तो बटण लावायला म्हणून आयताच घरी आला होता. शिवण अशी बसली की कापलेलं कुणाला सांगून खरं वाटलं नसतं.

"हे कुठून आणलंत?" टिकलीनं विचारलं.

"होतं आत," मास्तर म्हणाले. हे खोटं नव्हतं.

आजी येता-जाता बघत होती. एकदा ती थांबली आणि बाहुल्याचा कोट उलटा करून पाहू लागली. "अहो, यालासुद्धा माया ठेवलीत? हा लाकडाचा आहे. हा काय बाळसं धरणार आहे?"

"सवय आहे. हात ऐकत नाही."

"दोन दोरे माया!" आजी हसत स्वयंपाकघरात गेली.

इथवर सगळं सुरळीत होतं. पण माणसं गाव सोडून निघाली की शेजारीपाजारी त्यांना जेवायला बोलावतात, आणि एकाकडे गेलं की दुसऱ्याकडे जावंच लागतं. त्या बारा दिवसांत या कुटुंबानं निरोपाची नऊ जेवणं केली. प्रत्येक घरी "आता पुन्हा कधी येणार तुम्ही!" असं म्हणत ताटात आणखी वाढलं जाई, आणि डोळ्यांत पाणी आणून वाढणाऱ्याला नको कसं म्हणायचं? आत्या आणि मास्तर-आजींनाही आमंत्रण असेच. गुरुवारी मुलगा म्हणाला, "रविवारी सकाळी अकराला फोटो स्टुडिओत वेळ घेतलीय. सगळ्यांचा एक चांगला फोटो काढू. जरा नीट कपडे घाला हां सगळ्यांनी."

अर्ध्या तासात सून निळा झगा हातावर टाकून मशीनपाशी आली. "बाबा, हा लागतच नाही हो. काखेत रुततोय. जरा सैल करून द्याल? तुमची माया असेलच आत."

मास्तरांनी झग्याकडे न बघता मशीनचं चाक फिरवलं. "ठेव," ते म्हणाले. "बघतो."

ती वळते न वळते तोच मुलगा कोट घेऊन हजर. "बाबा, दोन बटणं लागतात, तिसरं म्हणतंय मी नाही. एक बोटभर सोडा फक्त."

"पोट आत घ्यायचं. फोटोला कितीसा वेळ लागतो!"

"बाबा, चाळीस वर्षं तुम्ही गिऱ्हाइकांना काय सांगत होतात?"

संध्याकाळी आत्याचा फोन. "बाबा, तुम्ही बटण लावून दिलंत ना, ते पोचतच नाहीये काजापर्यंत. शनिवारी येते कोट घेऊन. तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम."

शुक्रवारी सकाळी मास्तरांनी असं एक कृत्य केलं की ते सांगताना आपल्यालाच वाईट वाटतं. त्यांनी स्वतःच्या हातानं मशीनचा पट्टा कापला. "पट्टा गेला," त्यांनी घरात सांगितलं. "आता रविवारपर्यंत काही होत नाही." मुलगा पायांत चप्पल सरकवून बाहेर गेला आणि वीस मिनिटांत नवा पट्टा घेऊन आला. स्वतः बसवूनही दिला. मग मास्तरांचा चष्मा हरवला. तो टिकलीनं त्यांच्या शर्टाच्या खिशातून काढून दिला. मग त्यांनी सैल कपडे फोटोत कसे वाईट दिसतात यावर सुनेला बरंच समजावलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण बाबा, श्वास तर घ्यावा लागेल ना?"

त्यात आणखी एक पंचाईत. गुन्ह्याचा सगळा पुरावा बैठकीच्या खोलीत, कोपऱ्यातल्या टेबलावर मांडलेला होता. पाच बाहुल्या ऐटीत बसल्या होत्या. मास्तरांनी बाहुलीघरावर चादर टाकली. "धूळ बसते," ते म्हणाले. टिकलीनं चादर काढली. "त्यांना अंधार होतो." मास्तरांनी पुन्हा टाकली, तिनं पुन्हा काढली. शेवटी ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आणि आजोबा बाहुला अजून उघडाच आहे. त्याला तुम्ही शेवटी ठेवलंत. मंगळवारी सामान जायचंय."

तेही खरंच होतं. आजोबा बाहुला तेवढा राखाडी रेघांच्या जुन्या गादीवर, मानेपर्यंत पांघरूण ओढून, आजारी माणसासारखा पडला होता. त्याच्यासाठी मास्तरांचा स्वतःचा कोट उसवायचा होता. राखाडी, बारीक रेघांचा, दुकान नवं होतं तेव्हा शिवलेला. त्यात त्यांनी दोन नव्हे, तीन बोटं माया ठेवली होती. स्वतःला काय कमी करायचं? तो कोट त्यांनी कधी उसवला नव्हता, कारण इतक्या वर्षांत त्यांचं माप बदललं नव्हतं. पण शनिवारी दुपारी त्यांनी तो घालून पाहिला, आणि नऊ जेवणांनी त्यांनाही सोडलं नव्हतं. बटण आणि काज एकमेकांकडे लांबूनच बघत राहिली.

बाहेर आत्या आल्याचा आवाज आला. सून, मुलगा, आत्या, तिघंही आपापले कपडे घेऊन बसली होती. मास्तर मागच्या खोलीत कोट मांडीवर घेऊन बसले. निदान इथे तरी तीन बोटं आहेत, असं त्यांच्या मनात आलं. थोडी बाहुल्याला, थोडी आपल्याला. आपण एकटे तरी नीटनेटके दिसू, मग जे व्हायचं ते होईल. त्यांनी अस्तर सोडलं, आत बोट घातलं, आणि ते तसेच थांबले.

आत काही नव्हतं. कापड शिवणीच्या कडेनं सरळ कापून घेतलेलं होतं आणि वरून हातानं टाके घातले होते. टाके वेडेवाकडे आणि दोरा निळा. राखाडी कोटाला निळा दोरा लावणारं माणूस त्यांच्या माहितीत एकच होतं.

मास्तर तसेच बाहेर आले. अंगात बनियन, हातात उसवलेला कोट. "माझ्या कोटाला कात्री कुणी लावली?"

आजी मटार सोलत होती. "मी," ती म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

"तू? कधी?"

"झाली की एकतीस वर्षं. आत्ता कळलं होय?"

"अगं, पण मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, नंतर बघू." आजीनं शेंग खाली ठेवली. "हिचं बाहुलीघर नवीन आलं होतं. गादी हवी होती, उशा हव्या होत्या. घरात दुसऱ्या चिंध्या कमी होत्या का? पण ही हट्टाला पेटली. बाबांच्याच कोटाची गादी पाहिजे म्हणून. माप घेऊन दुकानाच्या दारात उभी राहिली, तर तुमच्यापुढे कामाचा ढीग. मग काय करणार? आत पडूनच होतं कापड."

मास्तरांनी आत्याकडे पाहिलं. आत्या बाहुलीघरातल्या त्या राखाडी गादीकडे बघत होती.

"माझ्या लक्षात आहे," ती हळूच म्हणाली. "तुम्ही घरी कमी असायचात ना, बाबा. कोट मात्र खुंटीला असायचा."

हे तिनं रागानं म्हटलं असतं तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ते जवळच्या स्टुलावर बसले. मुलीनं एकतीस वर्षांपूर्वी मागितलेली गोष्ट तिला त्यांच्याच कोटातून मिळाली होती, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. गावातल्या कुणाचं पोट किती वाढलं हे त्यांना तोंडपाठ होतं. आपली मुलगी गादीचं माप घेऊन दारात उभी होती हे त्यांना आजच कळत होतं. त्यांना फार वाईट वाटलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते सगळ्यांना दिसलं.

सून मात्र हुशार. ती मघापासून बाहुलीघराकडेच बघत होती. तिनं आई बाहुली उचलली, तिचा निळा झगा आपल्या निळ्या झग्यावर ठेवला आणि विचारलं, "बाबा, हे कापड कुठलं?"

"होतं आत," टिकलीनं आजोबांच्या वतीनं उत्तर दिलं.

"म्हणजे माझ्या झग्यात माया..."

"नाही," मास्तर म्हणाले.

"आणि माझ्या कोटात?" मुलानं विचारलं.

"नाही."

"माझ्या?" आत्या उभीच राहिली.

"तुझं बटण पक्कं लावलंय," मास्तर म्हणाले.

मग आजीला हसू फुटलं. मटाराचं ताट मांडीवरून घसरलं, दाणे खोलीभर पळाले, आणि ते गोळा करता करता एकेक जण हसू लागला. मुलगा पलंगाखालून म्हणाला, "आणि तो पट्टा? तोसुद्धा तुम्हीच?" मास्तरांनी मान खाली घातली. सगळे सर्वांत जास्त हसले ते तेव्हा.

टिकली हसत नव्हती. "पण आजोबा बाहुल्याचं काय?" तिनं विचारलं. "तो तसाच येणार का माझ्याबरोबर?"

आत्या बाहुलीघराकडे गेली. तिनं आजोबा बाहुल्याला पांघरुणासकट बाजूला ठेवलं, गादी काढली, थोडा वेळ हातात धरली आणि मास्तरांपुढे केली. "घ्या. तुमचंच कापड आहे."

"अगं, पण ही तुझी..."

"माझी मुदत संपली. आता तिची."

गादीचं वरचं कापड विटलं होतं. मास्तरांनी ते उसवलं, उलटं केलं, आणि आतल्या बाजूला राखाडी रेघा एकतीस वर्षांपूर्वीच्या तशाच होत्या. त्यांनी तिथेच सगळ्यांच्यात बसून कोट शिवला. या वेळी बाही एकदाही खाली पडली नाही. नव्या गादीसाठी कापड लागणार होतं, त्यासाठी तो तपकिरी तुकडा वापरायला टिकलीनं परवानगी दिली. बँकेतल्या साहेबांना अखेर घरात जागा मिळाली. गादी आजीनं शिवली, निळ्या दोऱ्यानं, आणि मास्तरांनी तो चालवून घेतला.

रविवारचा फोटो झाला. अर्ध्या गावाला कपडे घालणाऱ्या माणसाचं कुटुंब पाठीची शिवण उसवून तिथे सेफ्टीपिना लावून बसलं होतं. फोटोग्राफर म्हणाला, "जरा मोकळे बसा," तर कुणी हललं नाही. तो म्हणाला, "हसा," तर मुलानं घाबरून आपल्या तिसऱ्या बटणाकडे पाहिलं. मास्तरांच्या कोटाचं बटण लागलंच नाही. त्यांनी त्यावर हात ठेवला, पण नेमका फोटोच्या वेळी टिकलीनं तो हात धरला. तिच्या मांडीवर सहा बाहुल्या होत्या. त्या फोटोत कपडे अंगाला नीट बसलेले असे तेवढेच सहाजण.

मंगळवारी सामान गेलं. घर मोठं झालं. मास्तर रोज मशीनला तेल घालत आणि काही न शिवता उठत.

महिन्याभरानं एका सकाळी फोन वाजला. "आजोबा, एक घोटाळा झालाय," पलीकडून टिकली म्हणाली. "फोटो आला आमच्याकडे. तो मी बाहुलीघराच्या शेजारी लावलाय. त्यात तुमचं पोट दिसतंय. पण बाहुल्याला पोटच नाही."

"मग?"

"मग मी त्याला कापूस गुंडाळला. आता तुम्ही अगदी तुम्ही दिसता. पण कोटाचं बटण लागत नाही." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्ही इथे नाही. आता काय करायचं?"

आजी कान देऊन ऐकत होती. मास्तरांनी तिच्याकडे एकदा पाहिलं आणि ते खुर्ची ओढून बसले.

"रडू नको. कात्री घे, लहान. कोट उलटा कर. पाठीवर मधोमध शिवण आहे, दिसली?"

"दिसली."

"ती हळूच उसव. आत बघ काय आहे."

फोनवर कात्रीची बारीक करकर ऐकू आली. मग टिकली म्हणाली, "कापड आहे! आजोबा, आत अजून कापड आहे!"

"दोन दोरे," मास्तर म्हणाले. "पुरेल तुला."

आजीनं पदर डोळ्यांना लावायच्या आत मशीनवरचा निळा दोरा उचलला आणि त्यांच्यापुढे धरला. "तिला म्हणावं, दोरा कुठलाही चालतो."